टेपखालचं बोट

बोटमामांनी उभ्या आयुष्यात कुणाचं माप बोटाशिवाय घेतलं नाही. टेप छातीभोवती फिरवला की उजव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या आत सरकवायचं आणि मगच आकडा वाचायचा. म्हणजे कपडा बोटाच्या जाडीएवढा सैल होणार हे ठरलेलं. गिऱ्हाइकाने कितीही विनवलं, "मामा, जरा फिटिंगचं करा की," तरी उत्तर एकच, "माणूस जेवल्यावर बी कपड्यात मावला पायजे. उपाशी पोटाचं माप मी घेत न्हाई." त्यामुळे रेणापुरात आमची अख्खी गल्ली ढगळ दिसायची. आमच्याकडच्या लग्नांचे जुने फोटो काढून बघा, नवरदेवाच्या कोटात करवलाही सहज बसेल.

ते माझे सख्खे मामा नव्हते. त्यांचं शिवणाचं दुकान आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत होती, आणि माझी आई त्यांना राखी बांधायची. बोटमामा हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं नाव सोडून याच नावाने चौकशी करायचा.

मामांचा या जगात एकाच गोष्टीवर भरोसा होता, ती म्हणजे गळ्यात लोंबणारा पिवळा टेप. "नजर लबाड असती, बोलणं त्याहून लबाड. टेपाला लबाडी येत न्हाई," असं ते म्हणायचे. कुणी म्हणालं पोरगं उंच झालं, की त्याला चौकटीला उभं करून मोजायचे. कुणी नवं कपाट आणलं, की ते दारातून जाईल का नाही हे मामा आधी येऊन सांगायचे. मी सहावीत असताना माझा पाय मुरगळला होता. तर हा गृहस्थ रोज सकाळी येऊन माझे दोन्ही घोटे मोजायचा आणि आईला बजावायचा, "अजून अर्धा इंच जास्तीचा हाय. शाळंत धाडू नको." मी अंगणात चालून दाखवलं, उड्या मारून दाखवल्या, उपयोग शून्य. दोन्ही घोट्यांचा आकडा एक झाला तेव्हाच मला दप्तर मिळालं. तोवर गॅदरिंग उरकलं होतं आणि नाचातली माझी जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. त्या अर्ध्या इंचाचा राग मी बरीच वर्षं धरून होते.

बारावीनंतर मला डी.फार्म.ला घालायचं की नाही यावर आमच्याकडे आठवडाभर खल चालला. वडील म्हणाले, "औषधाच्या दुकानात उभं राहायला कॉलेज कशाला लागतंय?" भिंतीपलीकडची मशीन थांबली आणि मामा आमच्या ओट्यावर आले. "दाजी, आपल्यात कुणाला औषधाचं कळतंय सांगा बरं. कुणी बी काय बी देतंय आन आपण गिळून राहिलो. एका पोरीला तरी कळू द्या." मला कॉलेज मिळालं ते या बोलण्यावर. पांढरा ॲप्रनही त्यांनीच शिवला, अर्थात बोट घालून. वर्गातल्या मुली विचारायच्या, हा ॲप्रन आहे का चादर.

मी पास होऊन नांदेडला एका मेडिकलमध्ये लागले, लग्न होऊन तिथेच राहिले, आणि मामांनी आपल्या तब्येतीचा सगळा कारभार माझ्यावर सोपवून टाकला. खोकल्याचं औषध असो की डोळ्यांत घालायचे थेंब, आधी नांदेडला फोन. "सुमे, डॉक्टरनं हे दिलंय. घिऊ का?" मी हो म्हटल्याशिवाय बाटलीचं बूच उघडायचं नाही. मी चिडायचे. म्हणायचे, "मामा, डॉक्टर मोठा का मी मोठी?"

"डॉक्टरच मोठा हाय. पर त्यो माझा कोण लागतोय?" 

मी औषधाचं नाव विचारायचे आणि घ्या म्हणायचे.

पाचेक वर्षांपूर्वी सकाळच्या वेळी त्यांचे हात आखडू लागले. "बोटं माझ्यानंतर तासाभरानं उठतेत," असं हसत सांगायचे. पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात दोन्ही हात बुडवून बसायचे आणि मग दुकान उघडायचे. मामी आधीच वारलेल्या, एकुलती मुलगी कविता जळकोटला दिलेली, त्यामुळे ते पाणी तापवणंही त्यांचं त्यांनाच. मग उजवा गुडघा सुजला, मशीनचं पायटं जड जाऊ लागलं. तेव्हा मी त्यांना ओढून लातूरला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हा वयाचा वात नाही. शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठलंय. आत सूज धुमसत राहते. ती दाबून ठेवली नाही तर सांधे झिजतात, वाकडे होतात, आणि मग ते सरळ होत नाहीत." त्यांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची एक पिवळी गोळी लिहून दिली, सोबत बाकीचं थोडंफार, आणि अधूनमधून रक्त तपासायला सांगितलं.

ती पिवळी गोळी मामांना कधीच आवडली नाही. रविवारी घेतली की सोमवारी तोंडाची चव जायची, पोट ढवळायचं. "लई गरम हाय," म्हणायचे. तरी घेत होते, कारण मी सांगितलं होतं. दर रविवारी जेवण झालं की त्यांचा फोन यायचा, दोन शब्दांचा. "घेतली गं." मी बरं म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. वर्षभरात गुडघा बराच उतरला, बोटं वळू लागली. चौदा एप्रिलच्या आधी गल्लीतल्या सगळ्यांना नवे पांढरे सदरे लागत, ते त्या साली त्यांनी एकट्याने वेळेत शिवून दिले. मला वाटलं, चला, एक काळजी मिटली.

आणि मग मी चूक केली. सांगायचीच आहे तर सरळ सांगते.

मामा दोन-तीन महिन्यांनी अस्तर आणि बटणं घ्यायला नांदेडला यायचे. लातुरात सगळं मिळतं, पण लातुरात मी नव्हते. आले की मेडिकलमधल्या स्टुलावर अर्धा तास बसायचे, चहा घ्यायचे, घरचं सांगायचे. जून महिन्यातल्या एका दुपारी ते असे बसलेले असताना एका औषध कंपनीचा एमआर, म्हणजे त्यांचा माल खपवत फिरणारा प्रतिनिधी, आला. त्याने बॅगेतून काचेचा ग्लास काढला, त्यात पाणी ओतलं आणि जखमेवर लावायच्या तांबड्या औषधाचे थेंब टाकले. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. "मॅडम, ही समजा शरीरातली सूज," तो म्हणाला. "आत जाळ होतो, गंज चढतो, तो असा." मग एक कॅप्सूल फोडून तिची पावडर त्यात टाकली आणि चमच्याने ढवळली. बघता बघता पाणी नितळ झालं. "अँटीऑक्सिडंट," असं म्हणून त्याने ग्लास पुढे सरकवला.

मला तो खेळ माहीत होता. व्हिटॅमिन सीने आयोडीनचा रंग जातो, हे आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलेलं. ग्लासातला रंग जाणं आणि माणसाच्या गुडघ्यातली सूज जाणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हेही मला चांगलं ठाऊक होतं. पण काउंटरवर चार माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. मी मनातल्या मनात हसले आणि गप्प बसले. मामा मात्र स्टुलावरून उठून ग्लासापाशी आले होते. त्यांनी तो उजेडाकडे धरून खालून वरून बघितला. "सुमे, डोळ्यादेखत गेलं की गं," म्हणाले. एमआरने नमुन्याची एक डबी माझ्या हातात ठेवली होती. ती मी मामांच्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "न्या मामा. सुजेला चांगलं असतं म्हणतात."

बस, एवढंच बोलले. असलं वाक्य मी दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकांना म्हणायचे, त्यात विचार असा काही नसायचा. 'पण पिवळी गोळी सोडू नका' एवढं त्याला जोडायला कितीसा वेळ लागला असता? ते मी जोडलं नाही. पुढचा चिठ्ठीवाला घाई करत होता.

ती डबी संपल्यावर मामांनी तसलीच लातूरहून आणली. रविवारचे फोन चालूच होते, पण आता त्यात आकडे यायला लागले. मामांनी आपला गुडघा मोजायला सुरुवात केली होती. "सुमे, साडेसोळा भरला." मग दोन-तीन रविवारांनी, "सोळाला आला बघ." श्रावणात तर त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "पावणेसोळा! तुझ्या डबीनं कमाल केली." तुझ्या डबीनं म्हणाले. मला गंमत वाटली, थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू? आपल्या हातून एका माणसाचं बरं होतंय म्हटल्यावर कुणाला वाईट वाटेल? आता ते फोन मी एकेक करून आठवते. कुठल्या रविवारी त्यातलं "घेतली गं" गेलं आणि नुसता आकडा उरला, ते काही केल्या आठवत नाही.

राखीला मी रेणापूरला गेले तेव्हा मामांनी दिवाळीच्या ड्रेससाठी माझं माप घेतलं. जुन्या मापावर कापड कापायचं नाही, हा त्यांचा नियम. मी आईशी बोलत उभी होते, ते मागून टेप लावून आकडे पुटपुटत होते. मी वळून बघितलं नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी ड्रेस नांदेडला आला. घातला तर दंडात अडकला आणि कमरेत असा काचला की वाकता येईना. आरशासमोर पोट आत ओढून उभी राहिले तर नवरा म्हणतो, "मेडिकलसमोरच्या भज्यांना विचार." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत पायी जाऊ लागले.

चार दिवसांनी आईचा फोन आला. बोलता बोलता ड्रेसचं निघालं. आई म्हणाली, "तुझाच न्हाई माय, तुझ्या बापाचा सदरा बी काखेत काचतोय. गल्लीत समद्यांचंच तसं. पोरं खूश हायेत, म्हणतेत मामा आता फिटिंगचं शिवायलेत."

मामा आणि फिटिंगचं? मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. आई पुढे काय बोलत होती ते मला ऐकूच येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मामांचं बोट टेपच्या आत जाईनासं झालंय. आणि ते जर गिऱ्हाइकाच्या छातीवर जात नसेल, तर गुडघ्याच्या मापातही जात नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळची लातूर गाडी धरली. लोह्यापर्यंत स्वतःला समजावत होते की असं काही नसेल. अहमदपूर आलं तोवर मनातल्या मनात सगळे आकडे दहा वेळा मांडून झाले होते. लातूरहून रेणापूरचा तो एवढासा रस्ता मला संपता संपेना.

मामा दुकानात कापड कापत होते. दोन्ही हातांनी कात्री धरली होती. मला बघून चेहरा फुलला. मी बसलेसुद्धा नाही. म्हणाले, "मामा, ड्रेस तंग झालाय. परत माप घ्या." त्यांनी टेप काढला, माझ्या कमरेभोवती फिरवला, दोन्ही टोकं समोर जुळवली. आता मी खाली बघत होते. त्यांचं पहिलं बोट टेपच्या बाहेर ताठ उभं होतं. मधला सांधा सुजून चकाकत होता आणि कातडी ताणली होती.

"मामा, बोट घाला की आत."

"घातलंय की."

"नाही घातलेलं."

त्यांनी खाली बघितलं. खरंच त्यांना माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालत होता, आणि आपलं बोट आत आहे असं त्यांचं मन धरून चाललं होतं. त्यांनी आता ते बोट वाकवून टेपखाली सारायचा प्रयत्न केला. ते वाकेना. दुसऱ्या हाताने दाबून बघितलं, कळ मस्तकात गेली, तरी ते वाकेना. "पावसाळ्यात जरा जड झालतं," ते म्हणाले. "आधी पेरभर जायचं. मग टोक जायचं."

मी त्यांना बाकावर बसवलं, पायजमा गुडघ्याच्या वर सरकवला, टेप गुडघ्याभोवती फिरवला आणि माझं बोट आत घातलं. आकडा मी वाचला नाही. टेप त्यांच्याकडे केला. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि हळूच म्हणाले, "सव्वासतरा."

बाहेर कुणीतरी काज-बटणाचं विचारायला आलं आणि आमच्याकडे बघून निघून गेलं.

"म्हंजी गुडघा उतरलाच न्हवता," मामा म्हणाले.

"नाही मामा."

"बोट निघालं बाहेर, आन मी समजलो सूज उतरली." टेप त्यांनी दोन वेळा हातावर गुंडाळला आणि सोडला. "टेप बरोबर व्हता गं. धरणारा चुकला."

मी विचारलं, पिवळी गोळी? त्यांनी बटणांचा खण ओढला. रंगीबेरंगी बटणांच्या खाली गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, एकही गोळी न फोडलेली. "सोळाला आलं तवा सोडली. सूज उतरून राहिली तर ती गरम गोळी कशाला म्हणलं. डबी चालूच व्हती की." मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. मला न विचारता बूच न उघडणाऱ्या माणसाने ही एक गोष्ट मला विचारली नव्हती. पण कशी विचारतील? माझ्याच हातची डबी त्यांना गुण देत होती, त्यांच्या मते विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी ओरडले नाही. खणातली बटणं चाळत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला डॉक्टरांकडे गेलो. हातांचे, गुडघ्यांचे फोटो काढले, रक्त दिलं, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. मामा शेजारच्या माणसाच्या शर्टाची कॉलर बघत होते. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, आणि दर वेळी दार उघडलं की मला उठून पळून जावंसं वाटायचं. आत गेल्यावर डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरले. मग मामांची बोटं एकेक करून दाबून बघितली.

"या कॅप्सूलने तुमचं काही बिघडलं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "कुणाकुणाला जरा बरं वाटत असेलही. पण तुमची सूज एवढ्याने दबणारी नाही काका. ती दाबणारी गोळी तुम्ही बंद केली आणि इतके महिने आत आग मोकळी राहिली. गुडघा सुधारेल. उजव्या हाताचं मात्र जेवढं झिजलं तेवढं झिजलं." मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "कॅप्सूल कुणी सुचवली?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामा म्हणाले, "कुणी न्हाई. बाजारात दिसली, घेतली."

आयुष्यभर दुसऱ्याचा अर्धा इंच न सोडणारा हा माणूस डॉक्टरांच्या समोर बसून सरळ खोटं बोलला. आणि मी, औषधाचं शिकलेली, तोंड मिटून बसले. डॉक्टर म्हणाले, "बाजारातलं असं काही घेत जाऊ नका." मामांनी मान डोलावली, मीही डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

औषधं पुन्हा सुरू झाली, वाढवली, बदलली. गुडघा उन्हाळ्यापर्यंत उतरला. या वेळी मोजायला मी जात होते, दर पंधरा दिवसांनी, माझं बोट घालून. हाताची सूजही गेली, पण गेली तेव्हा खाली उरलेली बोटं वाकडी निघाली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकेनात. कात्री धरता येईना, सुईत दोरा ओवता येईना. एक दिवस आईने सांगितलं की मामा सकाळी शर्टाची बटणं लावून घ्यायला आमच्याकडे येतात. रेणापुरातल्या निम्म्या माणसांना बटणं लावून देणारा माणूस उघड्या शर्टाने आमच्या ओट्यावर उभा राहायचा, आणि वडील त्यांची बटणं लावायचे. दोघंही तेव्हा एकमेकांकडे बघत नसत, असं आई म्हणाली.

मग कविता आली आणि त्यांना जळकोटला घेऊन जाते म्हणाली. मी निरोप द्यायला गेले. सामान असं फार नव्हतं. मशीन कविताच्या नणंदेला हवी होती, ती टेम्पोत चढवली होती. मामा ओट्यावर बसले होते, कविता आत आईशी बोलत होती. मला जे महिनोन्महिने बोलायचं होतं ते मी एका दमात बोलून टाकलं. "मामा, डबी मी दिली. ग्लासातला तो खेळ आहे हे मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही. गोळी सोडू नका हेही सांगितलं नाही. तुमचा हात माझ्यामुळे गेला. आणि डॉक्टरांसमोर तुम्ही खोटं का बोललात?"

मामा टेम्पोकडे बघत होते. "तुझं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं?" ते म्हणाले. "डॉक्टर तुला बोलला असता. मग तू भिली असतीस. पुढल्या येळी मी इचारलं, सुमे, हे घिऊ का, तर तू म्हणली असतीस, मला न्हाई ठावं मामा, डॉक्टरला इचारा." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मग मी कुणाला इचारू?"

मला वाटलं होतं ते म्हणतील तुझी काही चूक नाही. ते त्यांनी म्हटलं नाही. माझी चूक आहे असंही म्हटलं नाही. कविता बाहेर आली, त्यांचा हात धरून त्यांना टेम्पोत बसवलं, आणि गाडी जळकोटच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर मेडिकलमध्ये माझी एक सवय झाली. कुणीही असल्या डब्या मागितल्या की मी विचारते, "आधीचं कुठलं औषध चालू आहे? सोडलं तर नाही ना?" काही गिऱ्हाइकं वैतागतात. मालकही एकदा म्हणाले, मॅडम, तुम्ही चौकशी लई करता. करते. त्यांना कारण सांगत बसत नाही. मामांना तेवढं एकदा फोनवर सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात दुपारच्या वेळी एक बाई काउंटरवर आल्या. चाळिशीच्या असतील. पहाटेच्या गाडीने जळकोटहून निघालेल्या, पदराने घाम पुसत होत्या. दोन्ही हातांची बोटं सुजलेली, ती त्यांनी पदराखाली झाकून घेतली होती. "सुमाबाई तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. "बोटमामांनी धाडलंय. म्हणले, नांदेडला माझी भाची हाय, ती सांगंल तसंच कर."

माझ्या पाठीमागच्या फळीवर तसल्या डब्यांची रांग होती, त्या बाईंचे डोळे तिकडेच लागले होते. मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, "ताई, आधी मला एक सांगा. डॉक्टरांनी दिलेली कुठली गोळी तुम्ही सोडली आहे?"

बाई खाली बघत पिशवीची गाठ सोडवायला लागल्या, सुजलेल्या बोटांनी ती लवकर सुटेना. मी मदत केली नाही, मला भीती वाटत होती त्यातून काय निघेल याची. शेवटी गाठ सुटली आणि त्यांनी एक पट्टी काढून काउंटरवर ठेवली. पिवळ्या गोळ्या होत्या, एकही न फोडलेली.

"मामा म्हणलेच व्हते," बाई म्हणाल्या, "ती पयलं हेच इचारती, तिला खोटं सांगू नको म्हणून."

मी काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी जे म्हणेन ते त्या करणार होत्या, आणि मला लातूरच्या त्या बाकावर बसले होते तेवढीच भीती वाटत होती.